चेसिसवर खडूनं ‘कापू नका’ लिहिणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

ह्यात पत्र लिहिण्यासारखं काय आहे, असंच तुम्ही म्हणाल. तरी चारचौघांत लिहितोय, कारण बेळगावच्या उद्यमबागेत, त्या कारखान्यांच्या वसाहतीत, अजून तुमच्यासारखी माणसं आहेत हे लोकांना कळायला पाहिजे.

आज्जाची डॉज, जुनी अमेरिकन गाडी, खानापूरला घरामागच्या शेडमध्ये पडून होती. बॉडी केव्हाच गेली. उरलं ते चेसिस, दोन्ही अ‍ॅक्सल आणि लाल मातीचे थर. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात घेतलेली, दांडेलीकडच्या रानात ओंडके ओढलेली गाडी, एवढंच घरात ठाऊक. पुढं चेसिसची दोन्ही टोकं वाजवीपेक्षा लांब, त्यांना बोल्टची भोकं, आणि आतल्या अंगाला बेअरिंग बसेल अशी एक बैठक. ती कशासाठी, हे कुणालाच सांगता येईना. जुन्या गाड्या नव्या करून देणाऱ्या एका नावाजलेल्या वर्कशॉपनं फोनवरचे फोटो बघूनच निकाल दिला, ‘लोकल काम आहे, पुढचं सगळं कापून टाकू.’ दुसऱ्या एकानं भंगाराचा भाव सांगितला. येऊन बघायची तसदी कुणी घेतली नाही, आणि ह्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात. ह्या वयात पोतं अंथरून चेसिसखाली सरकलात. पोरानं ग्राइंडर उचलला तर ‘थांब रे, खुणा जातील की!’ म्हणून त्याला अडवलंत आणि डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं स्वतः घासत बसलात. हळूहळू रिव्हेटची गोल डोकी वर आली. वेल्डिंगचा सांधा कुठंच नव्हता. ‘हे कंपनीचंच काम,’ तुम्ही म्हणालात.

मग टेप लावलात. एका अ‍ॅक्सलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ९८ इंच. १९४६ पासूनची डॉजचीच पॉवर वॅगन १२६ इंचांची, म्हणजे ही ती नव्हे. ही १९४२ ते ४५ मधली पाऊण टनी लष्करी डॉज. पुढची जादा लांबी विंचसाठी, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओझं ओढणाऱ्या यंत्रासाठी. गिअरबॉक्सच्या पीटीओवरून, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या जोडावरून, शाफ्ट पुढं विंचकडं जातो, ती बैठक त्या शाफ्टच्या आधाराची. ‘म्हणजे डब्ल्यूसी-५२ वेपन कॅरिअर, हत्यारं वाहणारी!’ असं मी म्हटल्यावर तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. विंचवाली कमांड कार, म्हणजे अधिकाऱ्यांची गाडी, डब्ल्यूसी-५७, तीही ९८ इंचांचीच. बॉडी नसताना चेसिसच्या एवढ्या खुणांवरून छातीठोक सांगणार नाही, म्हणालात. कमांड कार दुर्मीळ, तिला मान मोठा. ती म्हणून टाकली असती तर मला आनंदच झाला असता. पण जेवढं दिसलं तेवढंच तुम्ही सांगितलंत. असा माणूस आजकाल कुठल्या दुकानात भेटतो?

पण मामा, मनाला सगळ्यात भिडलं ते निघतानाचं. गाडीत बसलेले तुम्ही परत उतरलात, खिशातला खडू काढलात, त्या लांब टोकांवर दोन्हीकडं ‘कापू नका’ असं ठळक लिहिलंत आणि प्रत्येक रिव्हेटभोवती गोल काढलात. उद्या मी घरात नसताना एखादा कामगार गॅस कटर घेऊन येईल, ह्याची काळजी तुम्हाला! गाडी ना तुमची, ना तुमच्या कुणाची. आई दारातून बघत होती. आज्जा गेल्यापासून त्या लोखंडाला इतक्या मायेनं कुणी हात लावला नव्हता, असं ती रात्री म्हणाली.

दुसऱ्याच्या वस्तूला आपली समजून जपणारी माणसं ह्या सीमाभागात मराठी घरांत आहेत तशी कानडी घरांतही आहेत. बेळगावात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या हाताखाली पोरं शिकायला बसली पाहिजेत. तुमच्याकडं बसतील अशी दोन पोरं मी बघून ठेवलीयत, तुम्ही हो म्हणा फक्त.

विंचचा शोध सुरू केलाय. ड्रम मिळाला की न्यायला मीच येतो; बसवताना तुम्ही समोर पाहिजे. खडूवर मेणकापड घातलंय, पावसानं पुसणार नाही.

तुमचा,
खानापूरचा डॉजवाला