गडग्यात डबा ठेवण्याआधी हाक मारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही जिओकॅशिंगवर, म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधून काढायच्या खेळावर, पानभर लेख छापलात. आमच्याकडे रविवारचा अंक सोमवारच्या पहिल्या एसटीने येतो, त्यामुळे मी तो काल वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज सकाळी फवारणीच्या गड्यांना कामाला लावून लिहायला बसले आहे.

लेखात पुष्कळ माहिती आहे. जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, ती सगळी हकिगत आहे. दोन डब्यांमध्ये १६१ मीटर अंतर लागते, हे आहे. डब्यात पाणी शिरू नये, आत वही असावी, एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी, हेही आहे. ज्याच्या जागेत डबा ठेवायचा त्याला आधी विचारावे, हे एक वाक्य मात्र कुठे नाही. मी लेख दोनदा वाचला. आणि हे मी माझ्या मनचे सांगत नाही. जागामालकाची परवानगी घ्यायची हा त्या खेळाचाच नियम आहे. खेळाच्या संकेतस्थळावर डबा नोंदवणारा ती घेतल्याची हमी देतो, तेव्हाच तो नोंदवला जातो. तुमच्या लेखकाला मीटर लक्षात राहिले आणि मालक राहिला नाही, याचा मला राग आला आहे.

त्यात वरचा फोटो. एका मुलीने दगडी भिंतीच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला आहे आणि खाली लिहिले आहे, 'खजिना हाती लागला!' आमच्या राजापूर तालुक्यात पोर चालायला लागले की त्याला बजावतात, गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, हात घालायचा नाही. जांभ्या दगडाच्या फटी म्हणजे फुरसे या विषारी सापाचे घर. हातभर लांब, दगडाच्याच रंगाचे, पाय पडला किंवा हात लागला तरच कळते. आमच्या वाडीपासून सरकारी दवाखाना १४ किलोमीटरवर आहे. तो फोटो बघून कोणाचे मूल असा हात घालील, याचा विचार फोटो निवडणाऱ्याने करायला हवा होता.

आता माझ्या बागेत काय झाले ते सांगते.

हे गेल्यापासून बाग मीच बघते. हापूसची १८० कलमे आणि थोड्या काजी. रस्त्याच्या अंगाला गडगा आहे, माझ्या आजेसासऱ्यांनी घातलेला. त्यात माती नाही, चुना नाही, दगड दगडावर बसवलेला. अशा गडग्यातला एक दगड उपसला की वरचे चार सैल होतात, पण ते त्या दिवशी दिसत नाही. कधीतरी गुराचा धक्का लागतो आणि सगळे खाली येते.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी तो बारा-तेरा हात ढासळलेला दिसला. त्या दिवसांत गुरे उनाड असतात. रात्रीत ती आत शिरली आणि दोन वर्षांची सात कलमे खाऊन, तुडवून गेली. कलम दोन वर्षे जगवणे म्हणजे काय, ते उन्हाळ्यात कळशीने पाणी घातलेल्यालाच ठाऊक. मी आमच्या राखण्याला बोलले. नेपाळहून येणारा माणूस, सहा हंगाम आमच्याकडे होता. तो सांगत होता की आदल्या संध्याकाळी दोन मुले गडग्याशी वाकलेली होती, हटकले तर 'फोटो काढतोय' म्हणाली आणि मोटारसायकलवरून गेली. मला ते खरे वाटले नाही. गडग्याचा कोण फोटो काढतो? तू झोपलास, असे मी त्याला गड्यांच्या देखत म्हटले.

मे अखेरीस आंबा संपल्यावर गडगा परत घालायला घेतला. दोन गडी, दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दगडांच्या मागे हिरव्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा निघाला. आत वही, दोन परदेशी नाणी, एक खेळण्यातली गाडी आणि नंबर कोरलेला धातूचा बिल्ला. डबा गडग्याच्या आतल्या बाजूला होता, म्हणजे तो काढायला प्रत्येकाला घाटी, म्हणजे गडगा ओलांडायची पायरी, चढून बागेत यावे लागले असणार. वहीत चौदा महिन्यांत अकरा नोंदी होत्या. एकाने इंग्रजीत लिहिले होते, भिंत सैल झाली आहे, जपून. सैल झाल्याचे त्याला कळले, ते त्याने पुढच्या खेळाडूला कळवले, आणि ज्याचा गडगा तो हाकेच्या अंतरावर असून त्याला सांगितले नाही. शेवटची नोंद गडगा पडला त्याच्या आदल्या तारखेची. मराठीत आहे. 'राखणदार पलीकडे होता, पटकन उरकलं.'

ती वही घेऊन मी राखण्याच्या खोपीकडे गेले. त्याची बॅग भरून झाली होती, दोन दिवसांनी तो गावी जाणार होता. त्याने वही उलटसुलट करून पाहिली आणि 'मैंने बोला था' एवढेच म्हणाला. मी त्याची माफी मागितली, पण ती गड्यांच्या देखत मागायला हवी होती. यंदा तो आला नाही.

हा खेळ काय आहे ते मला माझ्या धाकट्या मुलीकडून कळले. ती इंग्लंडमध्ये लीड्सला असते आणि स्वतः हा खेळ खेळते. खेळ न खेळणाऱ्या माणसाला त्यांच्यात 'मगल' म्हणतात. त्याच्या नजरेस न पडता डबा काढायचा आणि परत ठेवायचा, ही त्यांची रीत. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसापासून लपवा, माझे काही म्हणणे नाही. पण ज्याची बाग, जो तिथे रात्री जागतो, त्याच्यापासूनही लपवायचे? त्या दोन मुलांनी 'फोटो काढतोय' म्हटले ते त्यांना खेळाची रीत वाटली असेल. त्याची किंमत एका गरीब माणसाने मोजली. डबा ठेवणाऱ्याने एकदा घरी येऊन सांगितले असते, तर राखण्याने त्या मुलांना ओळखले असते आणि मीही त्याला नको ते बोलले नसते.

विचारणे अवघड असते असे कोणी म्हणेल, म्हणून मुलीने काय केले तेही लिहिते. २०२३ मध्ये मी तिच्याकडे होते. यॉर्कशर डेल्समध्ये आमच्या गडग्यासारख्याच बिनचुन्याच्या दगडी भिंती मैलोन्‌मैल आहेत. एका शेताच्या कडेने सार्वजनिक पायवाट जाते, तिथे तिला डबा ठेवायचा होता. तिने शेतकऱ्याला आधी चिठ्ठी टाकली आणि मग आम्ही दोघी दारात जाऊन उभ्या राहिलो. चिठ्ठीत तिचे नाव, फोन नंबर, डब्याचा फोटो, तो नेमका कुठे ठेवणार, महिन्याला साधारण किती माणसे येतील, आणि तुम्ही सांगाल त्या दिवशी डबा उचलीन, एवढेच होते. शेतकऱ्याने भिंतीला साफ नाही म्हटले. मग स्वतः बाहेर येऊन त्याने फाटकाचा जुना लाकडी खांब दाखवला, इथे ठेव म्हणाला. एक अट घातली: मेंढ्या विण्याच्या दिवसांत कोणी यायचे नाही. मुलीने ते नोंदीत लिहिले आणि त्या दिवसांपुरता डबा संकेतस्थळावर बंद ठेवते. सगळे बोलणे दहा मिनिटांत आटोपले.

मला कोणी विचारले असते तर मीही अशीच अट घातली असती. नोव्हेंबरपासून आमच्या फवारण्या चालू होतात. कीटकनाशकाने ओल्या झालेल्या फांद्यांखालून ही माणसे आली, त्याच हाताने डबा उघडला, त्याच हाताने खाल्ले असेल. कुठल्या दिवशी येऊ नये हे फक्त बागवालाच सांगू शकतो. अक्षांश-रेखांशात ते लिहिलेले नसते.

मुलीने संकेतस्थळावरून डबा ठेवणाऱ्याला कळवले. उत्तर नम्र होते, हे मी सांगितले पाहिजे. दिलगिरी होती, नोंदही लगेच काढून टाकली. पण त्यात एक वाक्य होते, 'जागा पडीक वाटली, तिथे कोणी राहत नसेल असं समजलो.' कलमे रांगेत उभी, आळी केलेली, गवत काढलेले, आणि जागा पडीक! तुमच्या लेखातही 'निर्मनुष्य कोकण' असा शब्द आहे. संपादक महोदय, हा शब्द तुम्ही वरचेवर छापता आणि वाचणारी माणसे तो खरा धरून येतात. कोकणात बिनमालकीची वीतभर जागा नाही. एकेका सातबारावर दहा-पंधरा नावे असतात. मालक मुंबईत असतो, मग विचारायचे कोणाला, असे म्हणाल तर जवळच्या घरात विचारा, पोलीस पाटलांना विचारा, ग्रामपंचायतीत विचारा. देवराईत जायचे असेल तर गुरवाला विचारा. देवराईतले झाड तोडायचे झाले तर आम्ही देवाला कौल लावतो, मिळाला नाही तर कुऱ्हाड परत घरी येते. विचारण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

न विचारल्याने नुसता गडगा पडतो असे नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर कोणीतरी काहीतरी लपवत असल्याचा संशय आला, पोलीस आले, रस्ता मोकळा केला आणि लष्कराच्या बॉम्बशोधक पथकाने ती वस्तू उडवून दिली. तो याच खेळातला प्लास्टिकचा डबा होता. हे मुंबईत एखाद्या स्टेशनाबाहेर झाले तर काय होईल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणखी एक सांगते. तुमच्याच अंकात मागे आमच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या, एका कातळशिल्पाकडे कसे जायचे, त्याचा वळणावळणाचा नकाशा आला होता. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात आमच्या तालुक्यातली कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही गावे आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण यातली पुष्कळशी चित्रे लोकांच्या खासगी जमिनीत आहेत. तो नकाशा आल्यावर पुढच्याच सुट्टीत सड्यावर गाड्या चढल्या आणि एकाच्या भातखाचराचा बांध चाकाखाली गेला. त्या शेतकऱ्याला ना नकाशा काढणाऱ्याने विचारले, ना तुम्ही. नकाशा छापण्याआधी जमीनमालकाला एक फोन करता आला असता.

पत्र मोठे झाले असेल तर कापा. राखण्याबद्दलचे मात्र कापू नका, त्याच्या बाजूने लिहिलेले दुसरे काही कुठे छापून येणार नाही.

तो डबा माझ्या पडवीत फळीवर आहे. वही, नाणी, गाडी, बिल्ला, सगळे जसेच्या तसे. त्या बिल्ल्याला एका डब्यातून दुसऱ्यात प्रवास करायचा असतो असे मुलगी म्हणते, म्हणजे तो कोणाचा तरी अडकून पडला आहे. ज्यांनी डबा ठेवला त्यांनी येऊन घेऊन जावे, मी रागावणार नाही. परत ठेवायचा असेल तरी या. विहिरीजवळ पंपाची खोप आहे, तिच्या बाहेरच्या खुंटीला तो टांगता येईल, तिथे हात घालावा लागत नाही आणि वाट घरासमोरून जाते. घाटीपाशी उभे राहून हाक मारा. गूळपाणी घ्या आणि मग जागा बघा.

आपली,
एक बागायतदार वाचक,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी