लिलावाचं प्लगइन टेस्ट करताना शेवट बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या वर्डप्रेसच्या (वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) साइटवर ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटच्या लिस्टिंग दाखवणारं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकायचं म्हटलं की बहुतेक जण अ‍ॅक्टिव्हेट करतात, कीवर्ड टाकतात, फोटो आणि भाव दिसले की झालं टेस्टिंग. अहो, ते तर दिसणारच! खरी गंमत लिलाव संपत आला की सुरू होते.

ईबेवर दिसणारा भाव म्हणजे सगळ्यात वरची बोली लावणाऱ्याची कमाल मर्यादा नसते, साधारण दुसऱ्या नंबरच्या बोलीपेक्षा एक पायरी वर एवढाच असतो आणि बरेच जण मुद्दाम शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात, म्हणजे भाव उडी मारणार तो नेमका तेव्हाच. आणि आपलं पान कॅशमधून, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या प्रतीतून, येत असेल तर वाचकाला तासाभरापूर्वीचा आकडा दिसतो. साइटच्या मालकाला हे कळतच नाही, कारण लॉगिन असलेल्याला बऱ्याचदा कॅश लागू होत नाही, त्याला सगळं ताजं आणि वाचकाला शिळं. म्हणून लॉगआउट करूनच बघा.

वर्डप्रेसचं अजून एक, त्याची ठरल्या वेळची कामं (लिस्टिंग ताज्या करण्यासारखी) मुळात कोणी साइटवर आलं तरच चालू होतात (सर्व्हरवर वेगळी सोय केली नसेल तर), रात्रभर कोणी फिरकलं नाही की सकाळी पहिल्या माणसाला संपलेला लिलाव चालू दिसू शकतो. फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करा आणि काउंटडाउन पण दहा मिनिटांनी घसरतो का बघा, घसरला तर तो फोनच्या भरवशावर चाललाय. ईबे प्लगइनला वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) देतं, त्यामुळे टाइमझोनचा घोळ वेगळाच.

वस्तूची स्थिती दिसते का हेही तपासा. 1995 मध्ये ईबेवर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला गेला, पण घेणाऱ्याला तो बिघडलेला आहे हे माहीत होतं. प्लगइननं तीच ओळ गाळली आणि नुसता फोटो-भाव दाखवला तर वाचक चालू माल समजूनच क्लिक करून विकत घेणार, आणि आपल्या लिंकवरून झालेल्या त्या विक्रीचं कमिशन आपल्याला मिळणार, हे काही बरं नाही.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर अशा प्लगइनबद्दल लिहाल तेव्हा सेटिंगचे स्क्रीनशॉट दोन कमी चालतील, पण लिलाव संपल्यावर ती लिस्टिंग किती वेळात गायब झाली तेवढं नक्की छापा.

आपला,
एक वाचक