पाणवेली काढून गोदावरी साफ होत नाही

संपादक साहेब, मशीन लावून पाणवेली काढतात, फोटो येतात अन् थोड्या दिवसांत गोदावरी परत हिरवीगार, कारण सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस म्हणजे पाणवेलीला फुकटचं खतच. मग हे काम एकट्या ड्रेनेजवाल्या इंजिनिअरचं का? नासर्डी-वाघाडी या उपनद्यांतून येणारी घाण काठच्या वस्त्यांशी जोडलेली, रामकुंडात काँक्रीटखाली दबलेल्या झऱ्यांचं भूजलवाल्यांना विचारावं लागेल, गंगापूर धरणातून पाणी किती सोडायचं ते पाटबंधारेवाल्यांच्या हातात, अन् निर्माल्याच्या पिशव्या पुलावरून फेकणारे तर आपणच. २०२७चा कुंभ तोंडावर आलाय, निदान आता तरी या सगळ्यांना एका टेबलावर बसवा की, नुसते घाट चकाचक करून काय उपयोग!

– एक वाचक, पंचवटी, नाशिक