काका, तुमची हातोडी अजून आमच्याकडेच आहे

रामकृष्ण हरी काका,

साष्टांग नमस्कार.

निघताना तुम्ही बजावलं होतं, "माउली, माझं नाव कुठं छापू नका." म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत असलो तरी त्यात तुमचं नाव नाही. पंढरपुरात पखवाज बनवणारे तुम्ही एकटे नाही. पण पहिल्या चार ओळींत तुम्ही स्वतःला ओळखाल.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी आमच्या वाडीत शिरली. २००५ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण आजोबांनी ओटीवरच्या भिंतीला केली होती. या वेळी ती खूण पाण्याखाली गेली. पुढचे दिवस कसे गेले ते तुम्हाला सांगायला नको, येताना चिपळूणची बाजारपेठ तुम्ही पाहिलीत. आम्ही नुसता चिखल काढत होतो. घरातला, विहिरीतला, देवळातला. तिसऱ्या दिवशी देवळातला भजनाचा पेटारा उघडला तेव्हा आत गाळ भरलेला होता. त्यात दोन पखवाज, हार्मोनियम आणि टाळ. कातडं कुजून त्याचा वास सुटला होता. पुडीवरची, म्हणजे पखवाजाच्या तोंडावरच्या कातड्यावरची, काळी शाई खपली निघावी तशी हातात आली.

त्याआधीच मे महिन्यात कोरोनानं आमचे बुवा नेले होते. त्यांच्यामागे कोरसला उभं राहणं एवढंच आम्हा पोरांना येत होतं. बारावीची परीक्षा रद्द झालेली, निकाल न लिहिलेल्या पेपरांचा लागलेला, कॉलेज बंद. वाडीतली मोठी माणसं म्हणाली, यंदा गणपती आणू, आरती करू, भजन नको. त्यांचंही खरं होतं. कुणाच्या घरात सुकी चटई नव्हती.

तरी मी तुम्हाला फोन केला. बुवांनी वारीला गेले असताना पखवाज तुमच्याकडून आणला होता आणि पावतीचा कागद त्यांच्या डायरीत होता. डायरी माळ्यावर होती म्हणून वाचली. मला फक्त नव्या पुडीची किंमत विचारायची होती. तुम्ही विचारलंत, "खोड उन्हात ठेवलंय का?" खोड म्हणजे पखवाजाचं लाकडी अंग. मी हो म्हणालो, तर तुम्ही फोनवरच ओरडलात, "उचल आधी! तडा जाईल. सावलीत ठेव, दिवसातून दोनदा फिरव." आणि किंमत न सांगताच फोन ठेवलात.

ऑगस्टच्या शेवटी तुम्ही घाट उतरून आलात. खांद्यावर पोतं, त्यात तयार पुड्या, पुड्या ताणायच्या चामडी वाद्यांची भेंडोळी, वाद्यांखाली ठोकायचे लाकडी गट्टे, सरस. आम्हाला वाटलं, तुम्ही दुरुस्त करणार आणि आम्ही चहा आणून देणार. तुम्ही देवळाच्या मंडपात बसलात आणि जुन्या वाद्या सोडायला आम्हालाच लावलंत. भिजून फुगलेल्या गाठी नखांनी सुटेनात. नवी वादी ओवल्यावर खोडाला पाय लावून मागे रेलून कशी ओढायची ते तुम्ही एकदा दाखवलंत, मग दोन दिवस आम्ही ओढत होतो. सगळ्यांच्या तळहाताला फोड आले. एका खोडाला माझ्या चुकीनं गेलेली चीर होती. तीत लाकडाचा भुसा आणि सरस भरताना तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, हे माझ्या लक्षात आहे.

हार्मोनियम वाचली नाही. टाळ मात्र चिंच आणि राखेनं घासल्यावर पहिल्यासारखे वाजले.

रात्री कुणीतरी विचारलं तेव्हा तुमचं कळलं. २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षं पायी वारी नाही. पालख्या एसटीनं आल्या, पंढरपुरात संचारबंदी. आमच्या पुराच्या दोनच दिवस आधी, २० जुलैला आषाढी झाली आणि तुमच्या दुकानासमोर एक दिंडी उभी राहिली नाही. वर्षाची कमाई ज्या महिन्यात व्हायची तो महिना दोनदा कोरडा गेलेला माणूस आमच्याकडे पदरचं भाडं खर्चून आला होता. मजुरी घेतली नाहीत. कातड्याचे तेवढे पैसे, तेही "गणपती झाल्यावर पाठवा."

कणकेचं मात्र मला सगळ्यांना सांगायचं आहे. पुड्या चढल्या, गट्टे बसले, आणि डाव्या पुडीला लावायला कणीक हवी होती. आम्ही भात खाणारी माणसं, त्यात पुरानं डबे धुऊन नेलेले. वाडीत गव्हाचं पीठ होतं ते मदतीच्या किटमधलं. मागायला कुणाचीच जीभ रेटेना. बुवांच्या घरच्या काकू स्वतःच पिशवी घेऊन आल्या. तुम्ही लिंबाएवढीच कणीक भिजवलीत, बाकी पिशवी बांधून त्यांच्या हातात परत दिलीत. पुडीला ती थापून तुम्ही पहिली थाप मारलीत तेव्हा काकू खांबाला टेकून खाली बसल्या. वाजवून झाल्यावर ती कणीक खरवडून तुम्ही गाईला घातलीत.

१० सप्टेंबरला, पूर आल्यापासून पन्नासाव्या दिवशी, गणपती आले. गर्दी करायची नव्हती म्हणून आम्ही पाच-पाच जण घरोघरी गेलो. भिंतींवर गाळाची रेघ तशीच, खाली मखरात दोन फुटांच्या आतला गणपती. पेटी नाही, सूर मोबाइलच्या तानपुऱ्यावर धरलेला. पहिल्याच घरी रूपाच्या अभंगात, 'रूप पाहता लोचनी'त, माझा ठेका चुकला आणि आम्ही सगळे गडबडून थांबलो. काकूंकडे त्या वर्षी गणपती नव्हता. त्या शेजारच्या त्या घराच्या पायरीवर उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "चुकलात. परत घ्या. पहिल्यापासून." आम्ही परत घेतलं. गजराला आलो तेव्हा भजन नको म्हणणारे आजोबा टाळ मागत होते. पाच दिवस, गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत, वाडीतलं एकही घर आम्ही सोडलं नाही.

काका, आज वाडीत पखवाज वाजवणारी सहा पोरं आहेत. वादी सैल झाली की मंडपात बसून आम्हीच ओढतो, आणि पावसाळ्यात पेटारा माळ्यावर जातो. आभार कसे मानायचे ते मला अजून नीट जमत नाही, म्हणून इतका उशीर झाला.

तुमची हातोडी त्या वेळी मंडपात राहिली. विसरलात की मुद्दाम ठेवून गेलात, हे विचारायचं राहून गेलं. दांड्याला तेल लावून ठेवली आहे. गणपतीत या, काकूंनी तुमच्यासाठी भाकरीचं पीठ दळून ठेवायचं कबूल केलंय.

तुमचा,
ठेका चुकलेला पखवाजी