समुद्रासाठी कयाक घेताना

संपादक महोदय,

पावसाळा सरला की ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणाऱ्या पुणेकरांच्या गाड्यांवर हल्ली कयाक (वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होड्या) दिसू लागल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच धरणाच्या संथ पाण्यासाठी बनवलेल्या असतात. पवनेत डुलत नाही, म्हणजे दिवेआगरलाही डुलणार नाही, असा घेणाऱ्याचा हिशेब असतो. तो चुकीचा आहे. समुद्रात नवख्याची कयाक कधी ना कधी उलटतेच. तेव्हा ती किती डुलते यापेक्षा खोल पाण्यातून तिच्यावर परत चढता येते का, हे आधी पाहावे.

या कसोटीला वर बसायची कयाक (दुकानात ‘सिट-ऑन-टॉप’ म्हणून मागावी) उतरते. तिचा सांगाडा बंद असतो आणि बैठकीवर आलेले पाणी आरपार भोकांतून निघून जाते. उलटलीच तर पलीकडची कड धरून सुलटी करायची, पाय झाडत मध्यावर पोटावर आडवे व्हायचे, कूस वळवून बैठकीत बसायचे आणि पाय शेवटी आत घ्यायचे. आत बसायच्या, मोठ्या तोंडाच्या स्वस्त कयाकला पुढे-मागे हवाबंद कप्पे नसतील, तर उलटताच ती पाण्याने भरते. खोल पाण्यात ती एकट्याने उपसणे जवळजवळ अशक्य.

लांबी साडेतीन ते सव्वाचार मीटर आणि रुंदी 70 ते 78 सेंटिमीटर असावी. तीन मीटरहून आखूड कयाक प्रत्येक वल्ह्यागणिक तोंड फिरवते. रुंदीचा मोह मात्र आवरावा. सपाट पाण्यात रुंद, चपटा तळ घट्ट वाटतो, पण लाट बाजूने आली की तोच तळ लाटेच्या उताराबरोबर कलतो. शिवाय मासेमारीच्या 85-90 सेंटिमीटर रुंदीच्या कयाक इतक्या जड असतात की वाळूतून ओढतानाच दम निघतो.

पॉलिइथिलीनची एकट्याची कयाक साधारण 20 ते 30 किलो भरते. खडकावर घासली तरी ती निभावते. फायबरची हलकी, पण आदळली की चिरते. चार मीटरची वस्तू लिफ्टमध्ये जात नाही, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सोसायटीच्या पार्किंगचा प्रश्न आधी सोडवावा. (कयाक घेण्यापेक्षा ते अवघड.) ठेवताना सावलीत ठेवावी, उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते.

हवा भरायची कयाक कपाटात मावते, हे खरे. पण ती पाण्यावर उंच तरंगते, म्हणून वारा तिला ढकलत नेतो. हिवाळ्यात भल्या सकाळी कोकणात मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखे दिसते आणि बाहेर जाणे सोपे वाटते. परतताना तोच वारा तोंडावर असतो. खाडीच्या मुखाशी ओहोटी लागली असेल, त्यातही उधाणाचे दिवस असतील, तर पाण्याची ओढही बाहेरच. शिवाय पूर्ण हवा भरलेली कयाक वाळूवर उन्हात टाकली तर आतली हवा प्रसरण पावून शिवण उसवते. किनाऱ्यावर आल्यावर थोडी हवा सोडावी.

सांगाडा बंद असला तरी झाकणाच्या फटीतून किंवा भोकाच्या तडकलेल्या कडेतून आत पाणी शिरतेच. ते दिसत नाही, फक्त कयाक जड आणि डळमळीत होत जाते. दर फेरीनंतर बूच काढून पाणी किती निघते ते पाहावे.

विक्रेत्यांना एक विनंती. जाहिरातीत रंग आणि बाटली ठेवायची खाच ठळक असते. रुंदी, वजन आणि हवाबंद कप्पे शोधावे लागतात. ‘क्षमता 120 किलो’ म्हणजे तेवढ्या वजनाने नीट चालेल असे नव्हे. त्याच्या दोन-तृतीयांशापलीकडे गेले की बैठक पाण्याजवळ येते आणि भोकांतून पाणी उलट वर येऊ लागते. हे विकतानाच सांगावे आणि गिऱ्हाइकाला जीवरक्षक जॅकेट चढवून उथळ पाण्यात एकदा कयाक उलटून पाहू द्यावी. जो नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नये.

— एक वाचक, कोथरूड, पुणे