गोधडीचं राहिलंच

न्यूयॉर्क, 8 मे 2024

ती. आई-बाबा,
सा. न.

मी ठणठणीत आहे, आधी तेवढं वाचा. बाबा, टीव्हीवर पोलीस खिडकीतून आत शिरताना दाखवतायत ती इमारत आमच्याच कोलंबिया विद्यापीठातली, हॅमिल्टन हॉल. पण 30 एप्रिलच्या त्या रात्री मी खोलीवरच होते, कुकर लावून. आणि हे काही आजचं नाही. 1968 मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या वेळीही पोरं याच इमारतीत घुसली होती आणि पोलिसांनी काढलं तेही 30 एप्रिललाच. व्हिसाची म्हणाल तर तुमच्यापेक्षा मला जास्त काळजी आहे. परीक्षाही ऑनलाइन झाल्यात, त्यामुळे गेटकडे जायचा प्रश्नच नाही.

गाझातल्या युद्धाविरुद्ध पोरं हिरवळीवर तंबू ठोकून बसली होती. मुख्य मागणी ही, की विद्यापीठानं इस्रायलशी संबंधित कंपन्यांतला पैसा काढून घ्यावा. आई, 'ज्यू मुलांना मारतायत का' विचारलंस. काही जणी खरंच घाबरून घरी गेल्या. आणि काही ज्यू मुलांनी त्याच हिरवळीवर, तंबूंच्या मध्ये, वल्हांडणाचं, म्हणजे त्यांच्या सणाचं, जेवण मांडलं. दोन्ही खरं आहे, टीव्हीवर एकच दाखवतात.

इथली एक तऱ्हा मात्र सांगते. इथे लाउडस्पीकरला परवानगी लागते, म्हणून सभेत माइकच नसतो. एक जण ओरडतो 'माइक चेक', सगळे ओरडतात 'माइक चेक'. मग तो चारच शब्द बोलतो, पुढचे ते जसेच्या तसे म्हणतात, मग मागचे. शाळेत प्रतिज्ञा म्हणायचो ना, तसं, फक्त पुढे काय येणार ते ठाऊक नसतं. पटो न पटो, म्हणायचं. एकदा भाषण थांबवून कुणीतरी म्हणालं, 'एक किल्ली सापडली आहे', आणि दीडदोनशे माणसं गंभीरपणे 'एक किल्ली सापडली आहे'. 'निळ्या दोऱ्याची.' 'निळ्या दोऱ्याची.' मीपण म्हणाले. म्हणजे लायब्ररीत जाता जाता. लायब्ररी समोरच आहे.

काल मतदान केलंत ना? बाबांचा बीपी?

आता पैशांचं. 15 तारखेचा पदवीदानाचा मुख्य समारंभ रद्द झालाय. आमच्या विभागाचा छोटा होईल, तोही लांबच्या मैदानावर. तुम्ही एफडी मोडून तिकिटं काढलीत आणि मी तुम्हाला ती पायऱ्यांची जागा दाखवणार होते. तरी या. फोटो गेटबाहेर काढू, चांगला येतो. कर्जाचे हप्ते नोकरी लागली की मीच भरणार, काकांना तसं सांगा.

मावशीच्या त्या स्थळाकडून 'मुलगी आंदोलनात असते का' असं विचारणं आलंय म्हणे. नाही म्हणून सांगा. नाहीच आहे. पण एवढ्यावरून ते मागे हटणार असतील तर हटू देत.

आणि येताना आजीच्या लुगड्यांची दुसरी गोधडी असेल तर आणा. पहिली मी रूममेटला दिली होती, तंबूत रात्री फार गारठा असायचा. ती सुटून आली, गोधडी नाही आली. आजीला एवढ्यात सांगू नका.

तुमची,
चिमी