ग्रब परत आणण्याबद्दल मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. विंडोज नव्याने टाकल्यापासून लॅपटॉप थेट तिच्यातच सुरू होतो, सुरुवातीला कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा जो ग्रब प्रोग्राम, त्याचा मेनू दिसतच नाही, आणि आता उबंटूही पुन्हा टाकावे लागणार असे दिसते, हे तुझे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो. कृपा करून उबंटू पुन्हा टाकू नकोस. विंडोज टाकताना तू लिनक्सच्या, म्हणजे उबंटूच्या, पार्टिशनला (डिस्कच्या त्या भागाला) हात लावला नाहीस, म्हणजे तुझी सगळी कामे जागच्या जागी आहेत. खात्री हवी असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर काही न टाकता उबंटू चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून, लॅपटॉप सुरू करून टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ' ही कमांड दे. ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-मांडणी) असा उल्लेख असलेले तुझे पार्टिशन तिथे दिसेल.

काय घडले ते आधी समजून घे. बायोस या मशीन सुरू करण्याच्या जुन्या पद्धतीत डिस्कच्या ५१२ बाइटच्या पहिल्या सेक्टरातील ४४६ बाइट बूट कोडसाठी असतात. ग्रबचा पहिला तुकडा तिथेच बसे, आणि दुसरी सिस्टिम टाकली की तिचा इन्स्टॉलर त्याच जागी स्वतःचा कोड लिही. तुझा लॅपटॉप यूईएफआयचा, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचा, आहे. त्यात फॅट३२ स्वरूपाचे एक छोटे ईएफआय पार्टिशन असते, त्यात प्रत्येक सिस्टिमचे स्वतंत्र फोल्डर असते, आणि आधी कोणाला हाक मारायची त्याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. त्यामुळे नवी सिस्टिम टाकल्यावर बहुतेक वेळा ग्रब पुसला जात नाही, तो यादीत फक्त मागे पडतो.

म्हणून सर्वांत आधी लॅपटॉपच्या यूईएफआय सेटअपमध्ये जाऊन बूटचा क्रम पाहा. तिथे 'उबंटू' हे नाव असेल, तर ते वर आण. काम तिथेच संपेल. मात्र डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेव, कारण क्रम बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.

ते नाव यादीत नसेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करावी लागेल, आणि इथे माझा एक अनुभव सांगतो. हेच काम करताना मी एक अख्खी संध्याकाळ ग्रब बसवणारी 'ग्रब-इन्स्टॉल' ही कमांड पुन्हा पुन्हा चालवत होतो, आणि दर वेळी जीपीटी (पार्टिशनच्या नव्या मांडणीच्या) डिस्कवर बायोस बूट पार्टिशन नसल्याची तक्रार समोर येत होती. कमांडमध्ये काहीच चूक नव्हती. पेनड्राइव्हच मी जुन्या बायोस पद्धतीने सुरू केला होता, आणि त्यामुळे ग्रबही त्याच पद्धतीने बसू पाहत होता. तेव्हापासून पहिली कमांड देण्याआधी मी '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' ही डिरेक्टरी आहे का ते पाहतो. ती नसेल, तर पुढे काहीही करण्यात अर्थ नाही; मशीन बंद करून पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू करावा.

ती असेल, तर लिनक्सचे पार्टिशन '/एमएनटी' वर माउंट कर, म्हणजे त्या डिरेक्टरीत जोड, आणि ईएफआय पार्टिशन त्याच्या आत '/बूट/ईएफआय' वर. त्यानंतर डेव्ह, प्रोक आणि सिस या तिन्ही डिरेक्टरी आत जोडायच्या आहेत. त्यासाठी माउंट कमांडचा साधा बाइंड हा पर्याय न वापरता 'आरबाइंड' वापर, म्हणजे सिसच्या पोटातली ईएफआयची व्हेरिएबल्सही बरोबर येतात. ती आली नाहीत, तर यादीत नवी नोंद करता येत नाही. मग 'सीएचरूट' करून, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या सिस्टिममधून डिस्कवरच्या उबंटूत, आत जा आणि 'ग्रब-इन्स्टॉल' चालव. 'नो एरर रिपोर्टेड' हे शब्द उमटले की निम्मे काम झाले. त्यानंतर मेनू नव्याने बनवणारी 'अपडेट-ग्रब' ही कमांड दे. हे सारे डेबियन, उबंटू, मिंट या घराण्यासाठी आहे. फेडोरात यूईएफआय मशीनवर 'ग्रब-इन्स्टॉल' न चालवता ग्रब आणि शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) यांची पॅकेजेस पुन्हा बसवणे योग्य.

'अपडेट-ग्रब'च्या उत्तरात विंडोजचे नाव आले नाही, तर घाबरू नकोस. २०२१ साली आलेल्या ग्रब २.०६ पासून, सुरक्षेच्या कारणावरून, इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. '/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' या फाइलमध्ये 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर' याची किंमत 'फॉल्स' कर आणि 'अपडेट-ग्रब' पुन्हा चालव.

आणखी एक गोष्ट तपासल्याशिवाय सीएचरूटमधून बाहेर पडू नकोस. विंडोज टाकताना तू ईएफआय पार्टिशन फॉरमॅट केले असशील, तर त्याचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) बदलला आहे, पण सुरू होताना कोणती पार्टिशन्स जोडायची ते सांगणाऱ्या 'एफएसटॅब' या फाइलमध्ये अजून जुनाच लिहिलेला आहे. मग ग्रबचा मेनू व्यवस्थित येतो, तू आनंदाने लिनक्स निवडतोस, ९० सेकंद पडदा तसाच थांबतो आणि शेवटी इमर्जन्सी मोड उघडतो. ज्याला कारण ठाऊक नाही, तो नेमका याच ठिकाणी धीर सोडून सगळे पुसून टाकतो, आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण उपाय एका ओळीचा असतो. 'बीएलकेआयडी'ने दाखवलेला नवा आकडा त्या ओळीत अक्षर न चुकता उतरव.

काम सुरू करण्याआधी बूटची यादी दाखवणारी 'ईएफआयबूटएमजीआर -व्ही' आणि 'एलएसबीएलके -एफ' या दोन्ही कमांडचे उत्तर मला पाठव. तुझी यादी पाहिली की यांतल्या कोणत्या पायऱ्या तुला लागतील आणि कोणत्या सोडता येतील, ते मी लगेच कळवतो.

तुझा,
विनायक